पावसात पापड वाळत नाय

मी रोह्याला जाऊन आले. आता तुम्ही बोलाल रोहा काय परदेश हाय का, पेणवरून गाडीत बसलं की रोहा, त्यात सांगायसारखं काय. एकटी गेले असते तर सांगितलंच नसतं. पण माझ्यासोबत इस्रायलवरून आलेली बाई होती, कडेवर माझी दहा महिन्यांची परी होती, आणि आमच्या बचत गटाची ऑर्डर माझ्या तोंडावर होती, आणि माझं तोंड कसं हाय ते आमच्या बायांना माहीत हाय, चार माणसं समोर आली की ते उघडतच नाय. ज्या आल्या नाय त्या रोज मला अडवून विचारतात, काय झालं गो, ती काय बोलली गो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. सातवीपर्यंत शिकलेली हाय मी, चुका काढत बसू नका.

आधी तिचं सांगते. तिचं नाव नोआ, आम्ही नोआताई म्हणायचो. तिकडं इस्रायलमध्ये तिचं वाणसामानाचं दुकान हाय. आपल्या कोकणातली मराठी ज्यू माणसं मागं कधी तिकडं गेली, त्यांना अजून आपलंच खायला लागतं, कोकम, पोहे, पापड. तिच्या आजीचं माहेर रोह्याकडचं. आजीनंच तिला मराठी शिकवली, म्हणून ती आपल्यासारखीच नाय-व्हय बोलते. जीन्स घातलेली गोरीशी बाई "कुठं ठेवलंस गो" बोलते तेव्हा पहिल्यांदा हसायलाच येतं. आम्हाला वाटलं, भाषा एक हाय, मग काय कठीण. तिथंच आम्ही फसलो.

आणि माझं सांगते. आमचे हे डोलवीला कंपनीत कंत्राटावर होते. कंत्राट संपलं. पनवेलचा एक एजंट ओमानला पाठवतो बोलत होता, दोन वर्षांसाठी, आणि सोमवारपर्यंत कळवा बोलला होता. ह्यांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं हाय. मी बोलले, तुम्ही म्हणाल तसं. असंच बोलतो ना आपण. पण मनात मी देवाला सांगत होते, ही ऑर्डर मिळू दे, बाराही महिने काम मिळू दे, मग हे पण मालाचं बघतील, मग कशाला ओमान.

पेण, गुरुवार

आमच्या शेडमध्ये नोआताई आली तेव्हा आम्ही सगळ्या बाया ओळीनं पोह्याचे पापड लाटत होतो. आमच्या अध्यक्ष कुंदाताई पुढं झाल्या, ओवाळलं, नारळ दिला. नोआताईनं एक भाजलेला पापड तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि बोलली, "मीठ जास्त हाय. हिंग कमी हाय. पण पापड चांगला हाय."

पापड चांगला हाय हे कोणी ऐकलंच नाय. मीठ जास्त हाय एवढंच ऐकलं. कुंदाताईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतून गेलं. आपल्यात कोणी असं बोलतं का? आपण बोलतो, छान झालेत हो, आणि जाताना हळूच, थोडं मीठ कमी चालेल नाय का. नोआताई आधीच बोलून मोकळी, आणि दुसरा पापड खायला लागली पण.

मग जेवण. कुंदाताईंनी पहाटे बाजारात जाऊन मोठी कोलंबी आणलेली, पाहुणीसाठी. कालवण, भाकरी, भात. नोआताईनं वाटीत बघितलं आणि बोलली, "मी कोलंबी खात नाय. आमच्यात चालत नाय."

"थोडीशी घ्या, चवीपुरती."

"नाय."

आणि तिनं ताटावर हात धरला. आता आपल्यात ताटावर हात धरला म्हणजे काय, म्हणजे अजून आग्रह करा. कुंदाताईंनी सवयीनं पळी उचलली आणि ओतलं, आणि नोआताईनं हात काढलाच नाय. सगळं कालवण तिच्या बोटांवर. गरम नव्हतं फार. कुंदाताई पदरानं तिचा हात पुसतात आणि नोआताई विचारते, "मी नाय बोलले ना? ऐकायला नाय आलं?" रागानं नाय बोलली ती, खरंच विचारत होती.

जेवल्यावर तिनं कामाचं काढलं. तिला पापड दर महिन्याला पायजे होते, बाराही महिने. ती बोलली की याआधी तिनं दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतले, तो सारखा होईल होईल बोलायचा, आणि पावसातला माल तिकडं पोचला तो बुरशी आलेला. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसमोर तिनं खोकी उघडली आणि वास सुटला. "परत असं झालं तर माझ्याकडं कोणी येणार नाय," ती बोलली. "म्हणून विचारते. पावसात पण जमेल?"

"होईल की," कुंदाताई बोलल्या.

"होईल, होईल," सगळ्या बोलल्या. मी पण मान हलवली. परीला पाजत होते, तिच्या डोक्याआडून हलवली.

नोआताईला भात कुठं पिकतो, पोहे कुठं बनतात ते बघायचं होतं, आणि रोहा बघायचं होतं. सोबत कोणी जायचं? सगळ्या लाटायच्या गडबडीत, शिमगा जवळ आलेला. कुंदाताईंनी मला बाजूला घेतलं. "तुझी मावशी हाय ना रोह्याला? तू जा. तू घाबरट हायस म्हणून तुला पाठवते. दुसरी कोणी बडबड करील. तू काय बोलणार नायस. आणि एक ध्यानात ठेव, तिला कशालाच नाय म्हणायचं नाय."

कासू, शुक्रवार

कासूला उतरलो तेव्हा परीनं नोआताईच्या शर्टवर दूध ओकलं होतं. मी सॉरी सॉरी बोलत बसले आणि ती बोलली, "सुकेल. सॉरी कशाला, तू ओकलीस का?"

स्टेशनवरून थोडं चालत पोह्यांची भट्टी हाय, शांतारामकाकांची. आम्ही पोहे तिथूनच घेतो. भिजवलेलं भात गरम वाळूत भाजतात, मग यंत्रात दाबून चपटं करतात. तो वास कसा सांगू, नवीन भाताचा, जरा करपल्यासारखा, भूक नसली तरी भूक लागते. नोआताईनं हातात गरम पोहे घेतले आणि बराच वेळ हुंगत राहिली. मग खाल्ले. मग बोलली, "हे जाड हायत. मला पातळ पायजेत, आणि तुटलेले नकोत."

काकांनी मानेमागं खाजवलं. "बसा ना, चहा घ्या."

चहा आला, काळा, गूळ घातलेला. नोआताई बोलली, "पातळ देणार का? कधी?"

"देऊ की. तुम्हाला नाय देणार तर कोणाला देणार."

"म्हणजे कधी?"

"होईल हो. बघतो मी. ए, अजून एक चहा आण रे पाहुण्यांना."

दुसरा चहा आला. तो पण प्यालो. बाहेर रस्त्यावर आलो तर नोआताई खुशीत, बोटांवर मोजत होती, किती पोती लागतील. कुंदाताईंचं ऐकू येत होतं मला, नाय म्हणायचं नाय. पण ही बिचारी मोजतच सुटली होती.

"ताई," मी बोलले, "काका नाय बोलले."

ती थांबली. "कधी? मी तिथंच बसले होते."

"दुसरा चहा मागवला ना, तेव्हा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, एवढी हसली की रस्त्याकडंच्या दगडावर बसली, आणि परी पण तिच्याकडं बघून हसायला लागली. "चहा म्हणजे नाय?"

"पहिला नाय. पहिला चहा म्हणजे चहाच. दुसरा घाईनं मागवला तर." मला समजवता येईना. "त्यांच्या यंत्राचे रूळ जुने हायत, पातळ निघतच नाय. पण तुम्ही एवढ्या लांबून आलेल्या, तोंडावर नाय कसं म्हणायचं? तुमचं वाईट वाटेल म्हणून."

"आणि पोहे आले नायत तर माझं चांगलं वाटेल?"

ती उठली, कपडे झटकले आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तू? कालपासून तू मला किती वेळा नाय बोललीस?"

मी परीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी बोलले, गाडी चुकेल, चला.

रोहा, शुक्रवार संध्याकाळ

मावशी दारात उभीच होती. परीची मीठमोहरीनं दृष्ट काढली आणि नोआताईला बोलली, "लॉजवर कशाला राहता, या की आमच्याकडं राहायला."

"हो, राहते," नोआताई बोलली, आणि बॅग घेऊन आत.

मावशी माझ्या कानात बोलली, "मी आपलं बोलायचं म्हणून बोलले गो. ही तर आलीच." मग आपल्या नवऱ्याला शेजारी झोपायला पाठवलं आणि खाट मोकळी केली. नोआताईला यातलं काय कळलं नाय, ती मोरीत पाय धूत होती.

पण खरं सांगते, तिच्याशी सगळ्यात चांगलं मावशीचंच जमलं. मावशीच्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी हे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी बैल सोडायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. तर मावशीला माहीत होतं, कोलंबी नाय, खवल्याचा मासा चालतो, आणि सूर्य बुडायच्या आत सगळं झालं पायजे. तिनं जिताडा आणलेला. नोआताईनं एक घास खाल्ला आणि बोलली, "हा असा माझी आजी करायची," आणि काटे बाजूला काढत राहिली. मावशीनं तिच्या ताटात अजून एक तुकडी ठेवली. त्या वेळी तिनं हात नाय धरला.

उजेड जायच्या आत तिनं दोन मेणबत्त्या मागितल्या. मावशी बोलली, "लाईट हाय की आज, गेलेली नाय." नोआताईनं समजवलं, शनवार शुक्रवारच्या संध्याकाळी चालू होतो आमचा, दिवा लावून. मावशीनं तिला देवाजवळच्या फळीवर जागा दिली. तिनं मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर दोन्ही हात धरले आणि पुटपुटली. आम्ही दोघी आपोआप हात जोडून उभ्या राहिलो. परीनं पण तोंडावर हात धरले, बुवाकूक खेळायचं असेल असं वाटलं तिला.

रोहा, शनिवार

शनिवारी नोआताई काम करत नाय, गाडीत बसत नाय, फोन हातात घेत नाय. मग आम्ही चालत नदीवर गेलो. कुंडलिकेचं पाणी शांत, पलीकडं झाडी, बाया कपडे धुवत होत्या. नोआताईनं परीला मांडीवर घेतलं, तिच्या तळहातावर एकेक खडा ठेवत होती.

तिचा मुलगा सैन्यात हाय, एकोणीस वर्षांचा. मी टीव्हीवर बघितलेलं तिकडं काय चाललंय ते. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाय वाटत?"

"वाटते," ती बोलली. "रोज वाटते. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी भीती वाटते, मग चहा करते."

एवढं सरळ. मला वाटायचं तिच्यासारख्या बायांना भीती नसते, म्हणून त्या असं फाडफाड बोलतात. मी एवढी घाबरट, गावभर माझं नाव घाबरट, पण मला भीती वाटते हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाय. ह्यांना पण नाय.

काय झालं मला माहीत नाय, माझ्या तोंडातून सगळं एकदम बाहेर आलं. "ताई, पावसात पापड वाळत नाय. आम्ही होईल बोललो पण नाय होत, कधीच नाय झालेलं, आम्ही पावसात लाटतच नाय, कुंदाताई ऐकणार नायत पण..."

तिनं माझ्या तोंडासमोर हात धरला. "आज नाय."

"पण ताई..."

"आज धंद्याचं नाय बोलायचं, नाय ऐकायचं. मी ऐकलं नाय. उद्या सांग."

एवढं धाडस करून बोलले आणि ते परत माझ्याच पदरात. एकदा बोलायला जीव गेला, आता परत बोलायचं, ते पण विचार करून. पूर्ण दिवस ते माझ्या छातीवर बसून राहिलं. नोआताई दुपारी आडवी होऊन घोरत होती, तिला खरंच सुट्टी होती. मला नव्हती. कुंदाताईंचा फोन आला, "काय बोलतेय ती?" मी बोलले, आज ती कामाचं बोलत नाय. "बरं हाय. तू पण बोलू नको." मग ह्यांचा फोन आला. परी जेवली का विचारलं. मग बोलले, "एजंटचा परत फोन आलेला," आणि ठेवला.

मावशीला सांगितलं तर ती बोलली, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस. ऑर्डर मिळू दे आधी. पावसाचं पावसात बघता येईल." आणि तिचं पण खोटं नव्हतं. आपण असंच जगतो ना, आधी हो म्हणायचं आणि मग धावपळ करायची, आणि पुष्कळदा होतं पण. मी गप बसले तर ऑर्डर मिळत होती. हे इथंच राहत होते. जून यायला अजून वेळ होता. पण डोळे मिटले की मला तिच्या दुकानातली ती खोकी दिसायची, आणि समोर उभ्या म्हाताऱ्या बाया, आणि त्या सगळ्यांची तोंडं मावशीसारखी.

पेण, रविवार

येताना नोआताईनं काय विचारलं नाय. मला वाटलं विसरली. बरं वाटलं आणि वाईट पण वाटलं.

शेडमध्ये सगळ्या बाया इस्त्रीच्या साड्या नेसून बसलेल्या. चहा झाला. नोआताईनं सगळ्यांकडं बघून परत तोच प्रश्न विचारला, पावसात जमेल का, आणि परत सगळीकडून होईल होईल. मग ती माझ्याकडं वळली. "तू काल काय सांगत होतीस? आज सांग."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. कुंदाताई बोलल्या, "तिला काय कळतंय, पोर हाय ती." मी परीला एवढं घट्ट धरलेलं की ती रडायला लागली. मी बोलले, खाली बघून बोलले, पण बोलले. "पावसात पापड वाळत नाय. पंख्याखाली ठेवला तर वरून सुकतो, आत ओला राहतो. पिशवीत भरला की बुरशी येते. त्या व्यापाऱ्याचं झालं तेच आमचं होईल. दिवाळीनंतर ते मे संपेपर्यंत आम्ही देऊ. तेवढंच देऊ."

नोआताईनं कुंदाताईंना विचारलं, "खरं हाय?"

कुंदाताई मागं वळून बोलल्या, "अजून चहा टाक गो कोणीतरी."

नोआताईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. मला समजवायला लागलं नाय.

तिनं बोटांवर महिने मोजले. मग बोलली, पावसाचे महिने नको. आता शिमग्यानंतर थोडे पाठवा, मीठ कमी करून, ते विकले गेले तर दिवाळीपासून मेपर्यंत घेईन. म्हणजे आम्हाला वाटलेलं त्याच्या अर्धं पण नाय, आणि ते पण जर-तर. जाताना तिनं परीची पापी घेतली, मला मिठी मारली. मी बोलले, परत या. ती बोलली, "परत येणं होईल की नाय माहीत नाय." आपण येते म्हणून निघतो, ती असं बोलून निघाली. गाडी वळेपर्यंत मी उभी होते.

कुंदाताई अजून माझ्याशी नीट बोलत नाय. ते असू दे.

घरी आले तर हे ओट्यावर बसलेले. परीला घेतलं माझ्याकडून. "मिळाली?"

"अर्धी. त्यापेक्षा कमीच. पावसात नाय."

"हं." परी त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती. "उद्या कळवायचं हाय त्याला."

मी पायातल्या चपला पण काढल्या नव्हत्या. मी बोलले, "जाऊ नका." आणि मग थांबताच येईना, "मला भीती वाटते. तुम्ही तिकडं, मी इकडं, परी चालायला लागेल, तुम्हाला फोनवर बघून ओळखेल नुसतं. पैसे कमी पडतील ते मला माहीत हाय. तरी जाऊ नका."

त्यांनी परीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. नोआताई असती तर बोलली असती, हो का नाय ते सांग. मी नाय विचारलं. उभी राहिले. समोरच्या घरात कोणीतरी मासे तळत होतं, तो वास येत होता.

परीच्या हातातून बटण सोडवत त्यांनी विचारलं, "ते पापडाचं पीठ कुटायला कोण असतं गो तुमच्याकडं?"

"बायाच कुटतो."

"हात दुखत असतील."

"दुखतात तर."

"सकाळी कधी लागता कामाला?"

"उजाडल्यावर," मी बोलले. "भाकरी टाकते, लवकर जेवून घ्या."